स्क्रीन रीडर: ऐकण्यापेक्षा वगळण्याची विद्या

अंध माणूस संगणक कसा वापरतो, याचं बहुतेकांच्या डोक्यातलं चित्र ठरलेलं असतं. यंत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जातं आणि समोरचा निमूटपणे ऐकत बसतो. बातम्यांच्या संकेतस्थळांवर मूळ मजकुराच्या आधी मेनू, जाहिराती आणि लिंकांची केवढी रांग असते हे आठवलं, तर असा माणूस पहिल्या बातमीपर्यंत पोचेस्तोवर संध्याकाळ व्हायची. प्रत्यक्षात सरावलेला वापरकर्ता पान सगळं ऐकतच नाही. तो उड्या मारत जातो.

एनव्हीडीए किंवा जॉज हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू असताना ब्राउझरमध्ये 'एच' ही कळ दाबली की थेट पुढचं शीर्षक ऐकू येतं. 'बी'ने पुढचं बटण, 'ई'ने मजकूर भरायची पुढची चौकट, 'टी'ने पुढचा तक्ता सापडतो. 'एन' दाबली की लिंकांचा पुंजका ओलांडून त्यानंतरच्या साध्या मजकुरावर जाता येतं. याच कळा शिफ्टसोबत दाबल्या की उलट दिशेने प्रवास. १ ते ६ हे आकडे शीर्षकांच्या पातळ्यांसाठी असतात. मराठी विकिपीडियावर एखाद्या मोठ्या शहराचा लेख उघडून '२' दाबत गेलं, तर इतिहास, भूगोल, हवामान अशी विभागांची नावं भराभर कानावर पडतात. हवा तो विभाग आला की खालचा बाण दाबून तेवढंच वाचायचं. अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठातली 'वेबएम' ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची नियमित पाहणी करते. २०२३ च्या अखेरीस सुरू झालेल्या पाहणीत दीड हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. लांबलचक पानावर हवी ती माहिती आधी कशी शोधता, या प्रश्नावर ७१.६ टक्क्यांचं उत्तर एकच होतं: शीर्षकांवरून.

आता दुसरा समज. 'टॅब दाबत जा, सगळं सापडतं' हा सल्ला अनेक नवशिक्यांना पहिल्याच दिवशी मिळतो आणि पुढे तो त्यांचा फार वेळ खातो. टॅब फक्त लिंक, बटण आणि फॉर्ममधल्या चौकटींवर थांबते. साधा मजकूर तिच्या वाटेत येतच नाही. अर्जाच्या दोन चौकटींमध्ये 'नाव आधारवर आहे तसंच लिहा' अशी सूचना असेल, तर टॅबने जाणारा ती ऐकतच नाही आणि अर्ज का नाकारला गेला याचा विचार करत बसतो.

नवशिक्याचा खरा गोंधळ उडतो तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. स्क्रीन रीडरची वेबवर दोन रूपं असतात. एका रूपात 'एच' म्हणजे शीर्षकावर उडी. दुसऱ्यात 'एच' म्हणजे चौकटीत टाइप झालेलं अक्षर. चौकटीत शिरल्यावर बहुतेकदा रूप आपोआप बदलतं आणि एनव्हीडीए त्यासाठी छोटासा आवाजही करतो. तो आवाज ओळखायला कुणी शिकवलेलं नसेल, तर माणूस स्वतःचं नाव टाइप करतो आणि प्रत्येक अक्षरागणिक पानावर भलतीकडेच भरकटतो. इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबून एनव्हीडीएत हे रूप हाताने बदलता येतं. ही एक गोष्ट नीट समजली की निम्मी भीती जाते.

महागडं सॉफ्टवेअर किंवा खास संगणक लागतो, ही समजूतही जुन्या काळातली आहे. मोटरसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांची दृष्टी अपघातात गेली आणि त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी जॉज आणला. तो आजही विकत घ्यावा लागतो. पण मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतला, जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला आणि तेव्हापासून तो मोफत आहे. विंडोजमध्ये नॅरेटर आधीपासूनच असतो. कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबलं की तो बोलू लागतो. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतोच.

वेगाबद्दल थोडं. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाचा मूळ वेग मिनिटाला १७५ शब्द असतो आणि तो ४५० पर्यंत नेता येतो. शेजारून जाणाऱ्याला ती नुसती कलकल वाटते. ऐकणाऱ्याला मात्र सगळं समजत असतं; हा कानाच्या सरावाचा भाग आहे, दैवी देणगीचा नव्हे.

मग शिकायचं कुठे? यूट्यूबवर धडे खंडीभर आहेत, पण 'इथे उजवीकडे जो हिरवा चौकोन दिसतोय, त्यावर क्लिक करा' हे वाक्य अंध विद्यार्थ्याच्या काय कामाचं? काही धड्यांत तर पार्श्वसंगीतच वाजत राहतं आणि सूचना पडद्यावर उमटतात. कामाच्या धड्यात तीन गोष्टी असतात: कुठली कळ दाबायची, त्यानंतर स्क्रीन रीडर नेमके कोणते शब्द उच्चारेल, आणि ते शब्द आले नाहीत तर काय करायचं. शिकवणाऱ्याने स्वतःच्या सवयीचा सुसाट वेगही तेवढ्यापुरता कमी ठेवला पाहिजे. एनव्हीडीएत एक उत्तम सोय आहे, जिचा उल्लेख फारच थोडे शिक्षक करतात. इन्सर्टसोबत १ दाबलं की कीबोर्ड सरावाच्या स्थितीत जातो. मग कुठलीही कळ दाबावी. ती काय करते हे सांगितलं जातं, प्रत्यक्षात काहीच घडत नाही.

संकेतस्थळाच्या माथ्यावर अक्षरं लहानमोठी करणारी बटणं लावली की काम झालं, असं अनेक कार्यालयांना मनापासून वाटतं. अंध व्यक्तीला त्यांचा उपयोग शून्य. बटणांना नावं नाहीत, शीर्षकं नुसती ठळक आणि मोठी केलेली, कॅप्चा फक्त चित्रात, अशी अवस्था असेल तर उडी मारायला जागाच उरत नाही. बँकेच्या डिजिटल केवायसीत 'पापणी लववा' म्हणणारं ॲप हे यातलं टोक. त्याविरुद्ध ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांनी स्वतंत्र याचिका केल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आणि केवायसीची प्रक्रिया सुगम करण्याचे निर्देश दिले.

'मराठी वाचताच येत नाही' हा समज उरतो, आणि त्याचा दोष अनेकदा चुकीच्या जागी दिला जातो. ईस्पीक मराठी वाचतो, गूगलचा आवाजही वाचतो. अडचण आपल्या जुन्या फॉन्टांची आहे. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी 'ई, जे, के, बी, एच' ही पाच रोमन अक्षरं असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, कानाला अर्थहीन पुटपुट ऐकू येते. शिक्का मारून स्कॅन केलेलं परिपत्रक तर नुसतं चित्रच असतं. अक्षरओळख करणाऱ्या प्रणालीतून ते काढावं लागतं आणि जोडाक्षरांच्या चुका पदरी पडतात.

त्यामुळे परिपत्रक, प्रश्नपत्रिका किंवा संस्थेचा अहवाल टाइप करणाऱ्यांना एवढीच विनंती: मजकूर कृतिदेवसारख्या फॉन्टऐवजी युनिकोडमध्ये टाइप करा. वर्डमध्ये शीर्षकाच्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ एकत्र दाबा, म्हणजे ते नुसतं ठळक न राहता खरं शीर्षक होईल. आणि पीडीएफ बनवताना 'प्रिंट'च्या वाटेने जाऊ नका. त्या वाटेने शीर्षकांच्या खुणा गळून पडतात, 'सेव्ह ॲज' केलं तर त्या टिकतात.