फवारू नका, दादा!

शिंदखेड्यात माझं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. एप्रिल-मे म्हणजे मंदीचे दिवस; कपाशीच्या बियाण्याची झुंबड अजून लांब असते. अशा वेळी कुणीतरी मोबाइल पुढे करतंच, "भाऊ, आंबावर हाई बांडगुय शे, कोनतं औषध मारू?" फोटो मोठा करून बघतो. बऱ्याचदा खरंच बांडगूळ असतं. पण एखाद्या फोटोत पट्ट्यासारखी, बाहेर वळलेली कडक पानं दिसतात आणि खाली हवेत लोंबणाऱ्या पांढरट मुळ्या. मग मी औषध देत नाही. हे रास्ना, म्हणजे वांडा टेसेलाटा नावाचं ऑर्किड.

ऑर्किड म्हटलं की आपल्याला आसाम नाहीतर धुक्यातला सह्याद्री आठवतो. आसामात सीतेची वेणी बिहूला केसांत माळतात, ते फूलही ऑर्किडच. पण हा वांडा भारत, श्रीलंका, म्यानमारच्या कोरड्या रानातसुद्धा तग धरतो. आंबा, मोह, बाभूळ, काहीही चालतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा तो दिवसभर पानांची छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री गारव्यात उघडून हवा आत घेतो. मुळीवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. वळवाचा पाऊस पडला की ते पाणी शोषतं आणि पांढरी मुळी बघता बघता हिरवी दिसू लागते.

बांडगुळाची गोष्ट वेगळी. फुलटोच्या पक्षी त्याची फळं खाऊन चिकट बी फांदीवर टाकतो आणि उगवलेलं रोप सालीत घुसून झाडाचा रस पितं. जोडाजवळ फांदी गाठीसारखी फुगते. वांड्याच्या मुळ्या सालीला नुसत्या चिकटलेल्या असतात, आत शिरत नाहीत. फोटोत मी तेवढंच शोधतो.

फूल मात्र फोटोत कळत नाही. पाकळ्या पिवळट, त्यांवर तपकिरी रेषांची चौकट, मागची बाजू पांढरी, ओठ जांभळा. मधल्या टोपीला आगकाडीचं टोक लावलं तर परागांच्या पिवळ्या गोळ्या काडीला चिकटून येतात. किड्याच्या अंगालाही त्या अशाच चिकटतात. वास गोड, पण मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथात 1795 साली या फुलाची नोंद केली.

एका शेंगेत हजारो बिया, पिठासारख्या बारीक. बीजात शिदोरी जवळजवळ नसतेच, म्हणून सालीवर योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी 1922 मध्ये साखरेच्या माध्यमावर बुरशीशिवाय ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. बाजारातली रंगीत ऑर्किडं त्याच वाटेने आली. रानात मात्र खरखरीत सालीचं जुनं झाड आणि कैक वर्षं लागतात. रस्ता रुंद करताना जुना आंबा पडला की त्याच्यावरचा हा संसारही आडवा होतो, आणि नव्या केशर आंब्याच्या बागेत तो लगेच उभा राहत नाही.

संधिवातावर रास्ना चालते म्हणून काही जण वांड्याच्या मुळ्या ओरबाडतात. बंगालात वांड्याला रास्ना मानत आले, हे खरं. पण आयुर्वेदाच्या सरकारी औषधसंहितेत रास्ना म्हणून प्लुचिया लँसिओलाटा ही दुसरीच वनस्पती दिली आहे. मग हा वांडा कशाला सोलायचा? शिवाय रानातल्या ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं बंधन आहे.

पडलेल्या फांदीवर वांडा सापडला तर? कुंडीतल्या मातीत लावू नका, मुळ्या कुजतात. जवळच्या आंब्यावर, दुपारची सावली पडेल अशा फांदीला सुतळीने घट्ट बांधा आणि मुळ्या मोकळ्या ठेवा. मुळ्यांनी साल धरली की सुतळी सोडा. एवढं सांगितल्यावर औषधाचं गिऱ्हाईक जातं खरं, पण सुतळीचा एक गुंडा खपतो.