चोवीस इंचांत सातबारा उभा मावतो

सेनगावच्या किंवा औंढा नागनाथच्या सेवा केंद्रात बसून लॅपटॉपवर एखादा सातबारा उघडून बघा. पंधरा इंची लॅपटॉपचा पडदा उंचीला जेमतेम १९ सेंटिमीटर, आणि ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर. वरची नावं वाचावीत तर खालचं पडद्याबाहेर जातं. अख्खं पान एकदम दाखवलं तर अक्षर इतकं बारीक होतं की गट क्रमांकातला १ की ९, असा प्रश्न पडतो. जमिनीच्या कागदावर हा प्रश्न लहान नसतो. म्हणून वेगळा मॉनिटर घ्यायला निघालेल्या माणसाचं मला पटतं. अडचण होते ती दुकानात, ‘जेवढा मोठा तेवढा चांगला’ हे ऐकून खरेदी झाली की.

मॉनिटरचे इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरपे. २४ इंची रुंद मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे सातबाऱ्याचं पान जवळजवळ खऱ्या मापात उभं राहतं आणि शेजारी दुसऱ्या पानालाही जागा उरते. २७ इंचीची उंची साडेतेहेतीस सेंटिमीटरच्या पुढे जाते. वरखालच्या पट्ट्या धरूनही पान मोकळं बसतं.

पण मोठा पडदा म्हणजे जास्त मजकूर, असं नाही. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, पडदा कितीही इंची असो. तेवढेच ठिपके २४ इंचांत बसवले तर एका इंचात ९२ येतात, २७ मध्ये ८२, आणि ३२ मध्ये ६९. मजकूर तेवढाच राहतो, फक्त ताणला जातो. इंग्रजी अक्षर हे काही अंशी सोसतं. देवनागरीला ते फार जड जातं. ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका छोट्या फटीवर उभा आहे. रफार, अनुस्वार, ऋकार हे सगळं दोन-चार ठिपक्यांत उरकावं लागतं. दिवसभर मराठी वाचायचं-टंकायचं असेल तर २७ इंची फुल एचडी मी घेणार नाही. फुल एचडीला २४ इंच पुरे. २७ घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा घ्यावा. तिथे इंचाला १०९ ठिपके मिळतात. वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या कट्ट्यांचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्याला त्यात फुल एचडीपेक्षा एक तृतीयांश जास्त रकाने एका नजरेत दिसतील.

‘घरात ३२ इंची टीव्ही आहे, तोच लावू’ असंही म्हणतात. त्या मापाचे बरेच टीव्ही १३६६ बाय ७६८ चे असतात, म्हणजे इंचाला ४९ ठिपके. सहा फुटांवरून सिनेमा बघायला ते पुरतात. दोन फुटांवरच्या टेबलावर मात्र अक्षराच्या कडा करवतीसारख्या दिसतात.

फोर-केमध्ये अक्षर बारीक होऊन डोळे दुखतात, ही समजूत अर्धवट आहे. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के केलं की २७ इंची फोर-केवर अक्षर १४४० च्या मॉनिटरएवढंच दिसतं, पण इंचाला १६३ ठिपके असल्यानं कितीतरी रेखीव. खरी अडचण जुन्या लॅपटॉपची असते. त्याचं एचडीएमआय १.४ चं असेल तर फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलतं आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. ६० साठी २.० लागतं, नुसती महाग केबल आणून ते होत नाही. टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चित्र जाईलच असंही नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि फायलीच जातात. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात डिस्प्लेपोर्ट लिहिलंय का ते पाहावं.

लॅपटॉप १३६६ चा असला तरी त्याला फुल एचडी मॉनिटर खुशाल चालतो. नवा मॉनिटर धुरकट दिसला तर बऱ्याचदा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र चालू असतं आणि लहान पडद्याचं माप मोठ्यावर लादलेलं असतं. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, मग मॉनिटरचं स्वतःचं रिझोल्यूशन लावा. ३२ इंचांपुढे कर जास्त, हेही आता जुनं झालं: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरलाही १८ टक्केच जीएसटी आहे.

वीज गेली की मॉनिटर विझतो, त्याला बॅटरी नसते. पण उघडी फाइल लॅपटॉपवर शाबूत राहते. साधा २४ इंची मॉनिटर २० वॅटच्या आसपास वीज घेतो, तेव्हा घरचा इन्व्हर्टर त्याला सहज पेलतो.

हिंगोलीत घ्या नाहीतर नांदेडला जाऊन, पेन ड्राइव्हमध्ये आपला सातबारा न्या. दुकानदाराला तो शंभर टक्के मापात उघडायला सांगा, हातभर अंतरावर बसा, आणि १ व ९ नीट ओळखू येतात का ते बघा.