व्होल्गाकाठचं पुसलेलं प्रजासत्ताक

१९४१च्या उन्हाळ्यापर्यंत सोव्हिएत नकाशावर व्होल्गाकाठी जर्मनांचं स्वायत्त प्रजासत्ताक होतं. सप्टेंबरमध्ये ते पुसलं गेलं आणि पुन्हा कधीच उमटलं नाही.

सम्राज्ञी कॅथरीनने १७६३ मध्ये जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना बोलावलं. धर्मस्वातंत्र्य, करमाफी, सैन्यभरतीतून सूट अशी आश्वासनं होती. हजारो जर्मन कुटुंबं सारातोव्हच्या आसपासच्या माळरानावर येऊन राहिली. १८७४ मध्ये सैन्यभरती सक्तीची झाली, तेव्हा अनेकांनी अमेरिका, अर्जेंटिना गाठलं. उरलेल्यांना १९१८ मध्ये लेनिनच्या आदेशाने स्वायत्त कम्यून मिळालं. त्याच्या उभारणीच्या काळात तिथे कमिसार असलेला अर्न्स्ट रॉयटर पुढे पश्चिम बर्लिनचा महापौर झाला. १९२१च्या भीषण दुष्काळात माणसं भुकेनं मेली. अवर्षणाइतकीच सरकारी धान्यवसुलीही त्याला कारण होती. तरीही १९२४ मध्ये कम्यूनचं प्रजासत्ताक झालं. शाळा, वर्तमानपत्रं, नाटकं जर्मन भाषेत चालू लागली. पोक्रोव्स्क या राजधानीला १९३१ मध्ये एंगेल्सचं नाव मिळालं. १९३९च्या जनगणनेत लोकसंख्या सहा लाखांवर होती, त्यांत जर्मन सुमारे ६० टक्के.

हिटलरने जून १९४१ मध्ये आक्रमण केलं. २८ ऑगस्टला फर्मान निघालं: व्होल्गाकाठच्या जर्मनांत हजारो हेर आणि घातपाती लपले आहेत, म्हणून सगळ्यांनाच हलवायचं. ना खटला, ना पुरावा. दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथे नांदलेल्यांना काही दिवसांत मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात पाठवलं. पक्षाचे निष्ठावंत सभासदही सुटले नाहीत. नंतर पुरुषांना ‘श्रमसेनेत’ घालून जंगलतोडीला, खाणींत जुंपलं. १९४२च्या शरदात स्त्रियांनाही. सूट फक्त गरोदर स्त्रियांना आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या आयांना. मूल चार वर्षांचं असेल, तर ते मागे ठेवून जायचं. या एका नियमाइतकी त्या राजवटीची निष्ठुरता मला दुसऱ्या कशातही दिसत नाही.

१९५५ मध्ये पहारा उठला, पण गावी परतायची मनाई राहिली. १९६४ मध्ये सरकारने तो आरोप बिनबुडाचा असल्याचं मान्य केलं. आरोप खोटा ठरला, तर शिक्षाही रद्द व्हायला हवी होती. पण राहण्याच्या जागेवरची बंधनं १९७२ मध्ये उठली, आणि प्रजासत्ताक परत मिळालंच नाही. १९८९ नंतर त्यासाठी मोठी चळवळ झाली. व्होल्गाकाठच्या नव्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि मॉस्कोने पाठ फिरवली. मग लाखोंनी जर्मनीची वाट धरली, जो देश त्यांच्या पणजोबांनीही पाहिला नव्हता.