परवाना सिल्व्हरचा घ्यावा की गोल्डचा?

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावे लागतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे दिसू लागतात. इथून पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल राज्याबाहेर जायचा, तर एप्रिल 2018 पासून ई-वे बिलाशिवाय ट्रक हलत नाही. त्याच्या आदल्या वर्षी जीएसटी आला होता. ऑगस्ट 2023 पासून तर पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने फाडलेले बिलही सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. कीर्द-खतावणीवर भागवणारा यंत्रमागवाला, ताक्यांचा व्यापारी, गोदामवाला असे सगळेच काही वर्षांत संगणकापाशी आले. भाडे, वीज, हमाली यांच्या जोडीला खर्चाचे एक नवे कलम आले: सॉफ्टवेअरचा परवाना.

हिशेबाचे सॉफ्टवेअर म्हटले की बाजारात पहिले नाव निघते टॅलीचे. त्याचा जन्मही कापडाच्या धंद्याजवळचाच. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबासाठी मनाजोगते सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणिताचा पदवीधर असलेल्या आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ते तयार करायला सांगितले. 1986 मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली.

टॅलीच्या आजच्या आवृत्तीचे, टॅलीप्राइमचे, दोन मुख्य परवाने आहेत. सिल्व्हर एका संगणकापुरता. गोल्ड एकाच जागेतल्या, एकमेकांना जोडलेल्या सगळ्या संगणकांसाठी. अलीकडच्या दरपत्रकात सिल्व्हर 22,500 रुपयांना आणि गोल्ड 67,500 रुपयांना आहे, म्हणजे नेमका तिप्पट. त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. नियमित करदात्याला हा कर परत वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराच्या मात्र तो अंगावरच पडतो.

कार्यालयात संगणक तीन आहेत म्हणून थेट गोल्ड घेणे, ही चूक महागात पडते. बघायचे ते इतकेच, की एकाच वेळी दोन माणसांना नोंदी कराव्या लागतात का. संध्याकाळी येऊन दिवसभराची बिले चढवणारा एकच अकाउंटंट असेल, तर सिल्व्हर पुरतो. पुढे काम वाढले, तर दोन्हींतला फरक भरून गोल्ड घेता येतो. आधीचे पैसे वाया जात नाहीत. उलट, गोदाम काल्हेरला आणि पेढी भिवंडी शहरात असेल, तर एका जागेचा गोल्ड दुसऱ्या जागेला पुरत नाही. विकणाऱ्याला हे आधी विचारलेच पाहिजे.

विकत घ्यावा की भाड्याने? हे आकडे मांडूनच ठरवावे. सिल्व्हरचे भाडे महिना 750 रुपये, म्हणजे वर्षाला 9,000. विकत घेतला, तर पहिल्या वर्षानंतर दरसाल 4,500 रुपये नूतनीकरणाचे. चार वर्षांची बेरीज दोन्हीकडे सारखीच येते: 36,000, कर वेगळा. पाचव्या वर्षापासून मालकी स्वस्त पडते. नूतनीकरण थांबवले म्हणून विकत घेतलेले सॉफ्टवेअर बंद पडत नाही, हिशेब चालूच राहतो. पण नव्या आवृत्त्या आणि जोडसेवा थांबतात. जीएसटीचे नियम सतत बदलत असताना ते झेपणारे नाही.

चोरीची प्रत हा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-ब नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याहून लवकर बसणारा फटका वेगळाच: क्रॅकसोबत व्हायरस आला आणि ऐन रिटर्न भरायच्या दिवसांत डेटा गेला, तर दाद कोणाकडे मागणार? आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दूर बसून संगणक हाताळण्यासाठी सर्रास वापरले जाणारे एनीडेस्क फुकट आहे ते खासगी वापरापुरते. धंद्यासाठी त्याचाही परवाना लागतो.

पैसे न मोजता कायदेशीर राहण्याच्या वाटाही आहेत, आणि त्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचायला हव्यात. पत्रे आणि तक्ते यांसाठी लिबरऑफिस धंद्यातही मोफत चालते. हिशेबासाठीचा मोठा पर्याय तर मुंबईतलाच आहे: फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला परवान्याची किंमत नाही आणि किती माणसांनी वापरावे यावर मर्यादाही नाही. मात्र सर्व्हरचे भाडे द्यावे लागते आणि ते बसवून सांभाळणारा जाणकार हाताशी लागतो. एकट्या यंत्रमागवाल्याला ते जड जाईल. दोन-तीन गोदामे आणि आठ-दहा माणसे नोंदी करणारी असतील, तर गोल्डच्या दोन-तीन परवान्यांसमोर हा खर्च मांडून पाहायला हवा.