पिसांचा रंग आणि कुळाची शुद्धता

ज्या घरांत अंड्यास स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडतां येत नाहीं, त्या घरांत कोंबड्यांवरील लेख कशास, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. परंतु आपल्या घरचीं मुलें वाटाण्यावरून अनुवंशाचे जे नियम पाठ करितात, ते प्राण्यांसहि लागू आहेत हें इंग्लंडांतील बेटसन यानें १९०२ सालीं कोंबड्यांवरूनच दाखविलें. शिवाय यांत व्यवहाराचाहि भाग आहे. कल्याणच्या पुढें शहाडसारख्या ठिकाणीं परसांत चार कोंबड्या बाळगूं पाहणारा गृहस्थ जातिवंत पक्ष्यास अधिक पैसे मोजतो, तो बहुधा रंग पाहून. रंग हा कुळाचा दाखला मानावा काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

निळी अँडलूशियन ही जात घेऊं. निळा कोंबडा निळ्या कोंबडीशीं जुळविला, तर सुमारें निम्मींच पिलें निळीं निघतात. पाव काळीं व पाव ठिपकेदार पांढरीं. पिलास आई व बाप यांजकडून एकेक अंश मिळतो. काळा रंग फिका करणारा अंश एकच आला तर पीस निळें होतें, दोन्ही आले तर पांढुरकें. उलट, काळा व ठिपकेदार यांचीं पिलें सर्व निळीं! हा निळा रंग कितीहि पिढ्या निवडला तरी शुद्ध उतरणार नाहीं.

पांढऱ्या रंगाचेंहि तसेंच. पांढऱ्या लेगहॉर्नचा पांढरेपणा प्रबळ असून तो इतर रंग झांकून टाकतो. दुसऱ्या कांहीं जातींत तो दुर्बळ असतो. अशा दोन पांढऱ्यांचीं पिलें पांढरींच होतात, पण नातवंडांत सोळांपैकीं सुमारें तीन रंगीत निघतात.

आतां कडकनाथ. झाबुआच्या या कोंबडीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तिचें काळेपण मुख्यतः कातडी व मांस यांतलें. पिसें काळीं, रेघांचीं किंवा सोनेरीहि असतात. हा काळेपणाचा अंश प्रबळ असल्यामुळें गावठीशीं झालेल्या संकराचें पिलूंहि बरेंच काळें दिसूं शकतें. तेव्हां काळी कातडी पाहून पूर्ण किंमत देणारा फसण्याचा संभव आहे.

परीक्षा करावयाची तर संशयित कोंबडा काळसर पायांच्या साध्या गावठी कोंबडीशीं जुळवावा. तो संकरित असेल तर सुमारें निम्मीं पिलें उजळ निघतील. बाराच्या बारा काळीं निघालीं, तर तें केवळ योगायोगानें घडण्याचा संभव चार हजारांत एक इतकाच. तरी हीहि परीक्षा एकाच अंशाची. अंगांतील इतर हजारों अंशांविषयीं ती कांहीं सांगत नाहीं. म्हणून पक्षी घेतांना आईबापांची व त्यांच्या भावंडांची नोंद मागावी, आणि आपल्या घरीं पहिल्या पिलापासून वही घालावी. नोंद नसेल तेथें पक्षी आवडल्यास खुशाल घ्यावा, पण जातिवंताची किंमत देऊं नये.