दीड मीटरची उंची

‘इथं कोपऱ्यावर तर जायचंय’ म्हणत हेल्मेट घरीच राहतं. हळू चालवलं की धोका नाही, हा त्यामागचा हिशेब. पण दुचाकीस्वाराचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं आणि तेवढ्या उंचीवरून पडलेलं डोकं ताशी सुमारे २० किलोमीटर वेगानं आदळतं. यात गाडीचा वेग धरलेलाच नाही!

डांबर दबत नाही. कवटी जागीच थांबते, मेंदू मात्र पुढे सरकत राहतो, आतून आपटतो, रक्तवाहिन्या तुटतात. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर चेपला जातो आणि डोक्याला थांबायला थोडं अंतर मिळतं. दोन मिलिमीटरऐवजी दोन सेंटिमीटर मिळाले, तर सरासरी बल दहापट घटतं. म्हणून जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यावं, कारण चेपलेला थर पूर्ववत होत नाही. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट ऐन वेळी डोक्यावर राहीलच असं नाही.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीनं गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स होते. पुढे केर्न्स यांनी अशा जखमींचा अभ्यास केला, १९४१ मध्ये निष्कर्ष छापले आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सर्वसामान्य ब्रिटिशांवर ती सक्ती यायला १९७३ उजाडलं.

आपल्याकडे २०१९ मध्ये ५६,१३६ दुचाकीस्वार रस्त्यांवर मेले. २०२२ मध्ये ७४,८९७. देशातल्या एकूण अपघाती मृत्यूंतला त्यांचा वाटा ३७ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांच्या पुढे गेला. कारण एकच नाही. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. शिवाय समोरून येणारी दुचाकी अरुंद दिसते, त्यामुळे वळणाऱ्या चालकाला ती आहे त्याहून लांब वाटते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालू ठेवला जातो, तो याचसाठी. तो पाहून ‘लाइट चालू आहे’ अशी खूण करणारे अजून भेटतात.

तरी सर्वांत आधी आवरता येण्यासारखं कारण डोक्यावरच आहे. जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ मध्ये मेलेल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर ते नव्हतं. त्यातले १४,३३७ मागच्या सीटवर बसलेले होते, आणि तिथं बसणाऱ्यालाही कायद्यानं हेल्मेट बंधनकारक आहे.