बॉयकॉट, हनीमून आणि बुडणारं बेट

ग्रुपमधे कुणाचं लग्न ठरलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘मग, बाली की मालदीव?’ जानेवारी २०२४ मधे माझ्या मैत्रिणीचं मालदीवचं बुकिंग झालेलं होतं. तेवढ्यात तिथल्या तीन उपमंत्र्यांनी पंतप्रधान मोदींबद्दल सोशल मीडियावर नको ते लिहिलं, ‘बॉयकॉट मालदीव’ पेटलं आणि हिनं बुकिंग कॅन्सल केलं. मीही जोशात स्टेटस टाकून मोकळी झाले. खरं सांगू? तेव्हा मला त्या देशाबद्दल दोनच गोष्टी ठाऊक होत्या. निळंशार पाणी आणि त्यावरचे व्हिला!

नंतर वाचायला बसले आणि चक्क ओशाळले. सुमारे १२०० बेटं, वस्ती जेमतेम २०० बेटांवर आणि बहुतेक जमीन समुद्रापासून एक मीटरही उंच नाही. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी उंची धरा. हे जगाला कळावं म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी ऑक्टोबर २००९ मधे मंत्रिमंडळाची बैठक थेट समुद्राखाली घेतली होती. फोटो जगभर गाजले. समुद्र मात्र चढतोच आहे.

आता गंमत बघा. डिसेंबर २०१४ मधे राजधानी मालेतल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटला आग लागली. लाखभर लोकांचे नळ कोरडे! भारतानं विमानं आणि जहाजं भरून पाणी धाडलं, चीननंही पाठवलं. मार्च २०२४ मधे चीनकडून तिबेटचं १५०० टन पाणी आलं. पुलांचंही तेच. २०१८ मधे चीनच्या मदतीनं माले विमानतळाच्या बेटाला जोडलं गेलं, तर २०२१ मधे भारताच्या पैशातून पावणेसात किलोमीटरच्या दुसऱ्या पुलाचा करार झाला.

‘इंडिया आउट’ म्हणणाऱ्या आघाडीचे मुइझ्झू २०२३ मधे निवडून आले. मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परतले. त्याच मुइझ्झूंनी ऑक्टोबरमधे दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलरच्या मदतीचा करार केला आणि जुलै २०२५ मधे मोदींचं मालेत स्वागत केलं. पलटी मारली म्हणून हसू नका. पाच लाख वस्तीच्या देशाला दोन बलाढ्य देशांपैकी एकालाही दुखवणं परवडत नाही.

आणि आमच्या बॉयकॉटनं काय साधलं? २०२३ मधे तिथे जाणाऱ्या पर्यटकांत आपण पहिले होतो. २०२४ मधे आपला आकडा दोन लाखांवरून दीड लाखाच्याही खाली आला आणि पहिला नंबर गेला... चीनकडे! रुसलो आम्ही, फटका बसला तो पर्यटनावर पोट असलेल्या साध्या माणसांना. उपमंत्र्यांच्या पोस्ट त्यांनी थोड्याच लिहिल्या होत्या?

परवा मैत्रीण पुन्हा मालदीवचे रेट काढत होती. मी म्हटलं, जा, पण अर्धा दिवस मालेत काढ. १९८७ मधे भरतीचं पाणी शहरात घुसलं, त्यानंतर जपानच्या मदतीनं तिथे समुद्राला थोपवणारी भिंत उभी राहिली. आपल्या मरीन ड्राइव्हला आहेत तसेच काँक्रीटचे टेट्रापॉड. २००४ च्या त्सुनामीत मालेचं नुकसान कमी झालं ते तिच्यामुळे. तिथे सेल्फी कुणी काढत नाही.

तू काढ. आणि या वेळी तोच स्टेटसला टाक!